उत्तरेच्या खिडकीतल्या बरण्या

१

नागपुरात मे महिन्यात समुद्र सांभाळायची पाळी माझ्यावर आली, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा बंद असते, आणि बंद म्हणजे खिडक्यांसकट बंद. वीज नाही, नळाला पाणी नाही. त्र्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात तसंही कुठल्याच नळाला धड पाणी नव्हतं. तेव्हा आमचे विभागप्रमुख गणपतराव सर म्हणाले, "अरुंधतीबाई, हे तुम्ही घरी घेऊन जा. लेकरासारखं जपा."

लेकरू म्हणजे लोणच्याच्या चार मोठ्या काचेच्या बरण्या. त्यांत कोकणातल्या एका मिठागरातून आणलेलं पाणी होतं आणि त्या पाण्यात शेवाळ. शेवाळ म्हटलं की लोकांना मोरीतली हिरवी बुळबुळ आठवते. हे तसं नाही. याची एकेक पेशी सुटी असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती दोन शेपट्या मारत पोहत असते. खार फार झाला, ऊन कडक झालं, की ते केशरी होतं. तो केशरी रंग पोटात गेला की त्याचं अ जीवनसत्त्व बनतं. गाजरातही तोच रंग, पण या पाण्यापुढे गाजर म्हणजे अगदीच गरीब. सरांची उमेद अशी, की ज्यांची नजर अंधारात जाते त्यांना यातून औषध मिळेल. उंदरांवर त्यांनी वर्षभर प्रयोग केले होते. उंदीर टुणटुणीत होते.

प्रत्येक पेशीच्या अंगावर एक तांबडा ठिपका असतो. पुस्तकात त्याला नेत्रबिंदू म्हणतात. नाव मोठं आहे, पण त्याला दिसत काही नाही, उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं, असं मी दरवर्षी वर्गात सांगते.

मी भित्री नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

२

धंतोलीत आम्ही दोघी बहिणी भाड्याच्या घरात राहत होतो. आईवडील गेलेले, दोघींची लग्नं झालेली नाहीत, आणि लोकांनी विचारणंही आता सोडून दिलेलं. धाकटी सुमती प्राथमिक शाळेत शिकवायची. तिची नजर चार-पाच वर्षांपासून जात चालली होती. आधी संध्याकाळची गेली. मग दिवसासुद्धा नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसायला लागलं. शाळेत ती फळ्यापासून टेबलापर्यंतची वाट पाठ करून चालायची. गेल्या वर्षी टेबल कोणीतरी सरकवलं आणि ती पडली. शाळेनं सांगितलं, जूनमध्ये रुजू होण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर येऊ नका.

शाळेवाचून सुमती कशी जगेल, याचा विचार मी करतच नव्हते. करवत नव्हता.

म्हणून मी सरांना विचारलं आणि सर म्हणाले, द्या थोडं, गाजरानं कोण मेलंय. मी ते पाणी दुहेरी कापडातून गाळायची, साका गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत वाळवायची आणि तिळाच्या तेलात कालवून पोळीला लावून द्यायची. सुमती पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, कोळणीच्या टोपलीत तोंड घातल्यासारखं लागतं."

"खा गुपचूप. तुझ्यासाठी समुद्र नागपुरात आणलाय."

"आणायचाच होता तर नारळासकट आणायचा ना," ती म्हणाली आणि खाल्लं.

मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. तिच्याजवळच्या टेबलावर बरण्या ठेवल्या. काम सोपं होतं. ही मंडळी उजेडाच्या बाजूला जाऊन काचेला चिकटतात, म्हणून रोज सकाळी प्रत्येक बरणी थोडी फिरवायची. दुपारपर्यंत केशरी पट्टा पुन्हा खिडकीकडे सरकलेला असायचा. इतकं नेमानं, की मला त्यांचं कौतुक वाटायचं.

एका दुपारी पट्टा उलट्या बाजूला होता. खिडकीकडचं पाणी निवळ, आणि खोलीकडच्या काचेवर दाट केशरी थर. चारही बरण्यांत तसंच.

ऊन फार झालं की ही पेशी उजेडापासून पळते, हे मला ठाऊक होतं. मी पडदा ओढला आणि कामाला लागले. संध्याकाळी पाहिलं तर थर तिथंच होता, खोलीकडे तोंड करून. मिरवणूक बघायला लोक खिडकीत गर्दी करतात, तशी त्याची दाटी झाली होती. मी दारातून बाजूला सरले. तो थर किंचित सरकल्यासारखा वाटला. मी डोळे चोळले आणि स्वतःला मनातल्या मनात चांगलं झापलं.

३

गुण येऊ लागला. सुमती भिंतीला हात न लावता चालू लागली. जिजाबाईंनाच ते आधी दिसलं. त्या उमरेडकडच्या, सकाळी पाणी भरायला आणि भांड्यांना यायच्या.

"पोरीची नजर येऊन राहिली वं बाई," त्या म्हणाल्या. "काल मले म्हने, जिजाबाई, तुमचा पदर पलंगाले अडकला. मी त पाहतच राहिली."

"औषध लागू पडतंय."

"ते गाजराचं पानी? मले नाही आवडत बा ते. मी झाडून राहते त मांगून कोनी पाहून राहिलं असं वाटते."

मी हसले. हसताना मला ते उलट्या बाजूचे थर आठवले आणि हसू तोंडातच राहिलं.

त्याच दिवशी दुपारची गोष्ट. आमच्याकडची दुपार म्हणजे दारं-खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घरात फक्त कूलरची घरघर. टिनाचा कूलर, खसच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. मधल्या खोलीतून त्याचा ओला वारा मागच्या खोलीपर्यंत यायचा. मी टेबलापाशी बरण्यांवर वाकून उभी होते. सुमती माझ्या मागे पलंगावर पडली होती, पडदे ओढलेले.

"ताई, तुझी टिकली भुवईवर आलीय," ती म्हणाली.

मी हात लावून पाहिला. घामानं टिकली खरंच घसरली होती. ती नीट करताना मला असा आनंद झाला की बस. इतक्या अंधारात हिला टिकली दिसली! मी वळून तिला मिठी मारणार होते.

आणि वळताना लक्षात आलं, की आत्तापर्यंत माझी तिच्याकडे पाठ होती.

काचेत प्रतिबिंब पडलं असेल, मी ठरवलं. बरणीची काच, माझा चेहरा, त्याचं प्रतिबिंब, आणि ते पलंगावरून दिसलं. कॉलेजातल्या पोरींनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

सुमती कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

४

मेच्या शेवटी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सीताबर्डीवर घेऊन गेले. ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा, डोक्यावरून ओला टॉवेल, सायकलरिक्षाची ताडपत्री तापून हात लावू देईना. सुमती जाताना गाणं गुणगुणत होती. दाखला आजच मिळणार, असं ती धरून चालली होती. मीही.

डॉक्टरांनी तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दाखवलं. त्यांनी तिला चार पावलं पुढे आणलं. मग बोटं दाखवली. मग बॅटरी लावून विचारलं, उजेड कुठून येतोय.

"कुठला उजेड?" सुमती म्हणाली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गेल्या खेपेला थोडं तरी दिसत होतं, ते म्हणाले, आता काही उरलेलं नाही. मन घट्ट करा.

परत येताना माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. रिक्षा घरापाशी थांबली. फाटकापर्यंत तिला मी धरून नेलं, पायरीवर ती ठेचकाळली. कुलूप काढलं, आत आलो, मधल्या खोलीतून पुढे गेलो. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथं आल्याबरोबर तिनं माझा हात सोडला.

ती सरळ चालत गेली. वाटेत पडलेली माझी चप्पल तिनं पायानं बाजूला केली, कोनाड्यातली फणी उचलली, बरण्यांकडे पाठ करून बसली आणि वेणी घालू लागली. मागचा भांग तिनं इतका सरळ पाडला, की मला दुसऱ्याच्या डोक्याचाही तसा पाडता येत नाही.

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. खरीखुरी.

५

मास्तरकी अंगात मुरलेली असते. भीती वाटली तरी आधी तपासून पाहावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सुमती अंघोळीला गेली असताना मी एक बरणी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि फडताळात, डब्यांच्या मध्ये ठेवली. वर फडकं टाकलं. कोणाला काही बोलले नाही. दूध शेगडीवर ठेवलं आणि मुद्दाम पुढच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडलं. सुमती मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. फडक्याचं टोक मी थोडंसं उचलून ठेवलं होतं.

मी एकही ओळ वाचली नाही. कान देऊन बसले होते. कूलरची घरघर, दूर कुठेतरी कुल्फीवाल्याची घंटा.

"ताई," मागच्या खोलीतून आवाज आला, "दूध."

मी धावले. दूध पातेल्याच्या काठापर्यंत आलं होतं, अजून उतू गेलं नव्हतं. वास यायच्या आधीच तिनं सांगितलं होतं. मी गॅस बंद केला आणि मान वर केली. फडताळात, फडक्याच्या उघड्या टोकाशी, केशरी थर काचेला घट्ट चिकटला होता.

मी उजवीकडे सरले. तोही सरला.

"काहून अशी पाहून राहिली आहेस?" सुमतीनं तिकडून विचारलं. आवाज नेहमीसारखाच, मायेचा.

६

त्या दुपारी मी तिच्यासमोर बसले आणि स्पष्ट विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"मला ठाऊक आहे कुठून दिसतं ते. वाटलं होतं, माझे डोळेही थोडे सुधारले असतील, म्हणून डॉक्टरांकडे आले. सांगितलं असतं तर तू फेकून दिलं असतंस."

"सुमे, हे बरं नाही."

"तुला कसं कळेल ग बरं आहे की नाही? तुला दोन डोळे आहेत." तिनं नेमकं माझ्या चेहऱ्याकडे बोट केलं. "पहिल्यांदा मला मीच दिसले. पलंगावर पडलेली. इतकी वाळलेली. मला वाटलं ही कोण बाई. मग सवय झाली. ताई, एक छोटी बरणी शाळेत टेबलावर ठेवली तर कोणाला काय कळणार आहे? फुलदाणीसारखी. मुलं दिसतील मला सगळी. शेवटच्या बाकापर्यंत."

मला रडू आलं. तिच्यासाठी मी काहीही केलं असतं, फुलदाणीसुद्धा विकत आणली असती. मी तिचा हात हातात घेतला. हात गार आणि किंचित चिकट होता, खारे शेंगदाणे खाल्ल्यावर असतो तसा.

"तिथून पाहताना कसं वाटतं?" मी विचारलं.

तिनं पदराचा शेव बोटाला गुंडाळला.

"दाटी असते," ती म्हणाली. "खूप जण असतात. खिडकीशी. मी गेले की मला थोडी जागा करून देतात."

"कोण?"

"ते काही बोलत नाहीत ग. नुसते पाहतात." मग हळूच म्हणाली, "तुला पाहायला त्यांना फार आवडतं."

७

रात्रभर विचार करून मी ठरवलं, की बरण्या जायला हव्यात. सुमती आंधळी झाली तरी मी तिला सांभाळीन, जन्मभर सांभाळीन, पण ती माझी सुमती राहील. सकाळी ती झोपलेली असतानाच फडताळातली बरणी मी परत टेबलावर ठेवली आणि चारही बरण्यांवर जाड चादर टाकली. जिजाबाई आल्या. त्यांना फाटकाशी गाठून मी हलक्या आवाजात सांगितलं, "मागच्या खोलीतल्या बरण्या रिकाम्या करा. आजच. चादर काढू नका, तशाच उचला."

"बरं झालं वं बाई," त्या म्हणाल्या. "मले त भेवच लागत होतं."

आणि मी गणपतराव सरांकडे रामदासपेठेत गेले. त्यांना सांगणं भाग होतं, वर्षभराची मेहनत होती त्यांची. सर पन्हं पीत बसले होते. मी सांगत गेले तसा त्यांच्या हातातला पेला खाली आला. मला वाटलं होतं, हसतील. मी त्यांना हसण्याची संधीसुद्धा दिली. शेवटी सर म्हणाले, "आपले उंदीर घरी आणलेत मी. मागच्या अंगणात आहेत."

"मग?"

"प्रयोगशाळेत होते तेव्हा डोळे मिटून बसायचे. डोळे मिटूनच आडव्यातिडव्या वाटांमधून दाण्यापर्यंत बरोबर जायचे. मला वाटायचं, सवयीनं. बरण्या तुमच्याकडे गेल्या आणि ते भिंतींना धडका घेऊन राहिलेत. नाकं फुटलीत बिचाऱ्यांची." ते उठून उभे राहिले. "बाई, ते पाणी उघड्यावर टाकू नका. आधी उकळा. चांगलं खळखळून उकळा, मग टाका. टाकलं तर नाही ना कुठे?"

मी जिजाबाईंना रिकाम्या करा म्हणाले होते. कुठे, ते सांगितलं नव्हतं.

८

रिक्षा मिळेना. मी चालत, मग धावत आले. डांबर चपलेला चिकटत होतं. वाटेत माणूस भेटलं नाही. कोपऱ्यावर जिजाबाई दुसऱ्या घरचं काम आटपून सावलीला उभ्या होत्या.

"जिजाबाई, ते पाणी कुठे ओतलंत?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "कूलरमंदी ओतलं. आजच्याले नळच नाही आला, टाकी कोरडी पडली होती. चार बरन्या पानी, फेकाव त कसं बाई? मे महिन्यात कोनी पानी फेकते काय?"

कोणीच फेकत नाही. तांदळाचं धुवण तुळशीला जातं, अंघोळीचं मोरीच्या बादलीत साठतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

घराचं दार ढकललं आणि समोरून वारा आला. गार, ओला, खारट. मुंबईला एकदा लहानपणी गेले होते, तेव्हा चौपाटीवर तोंडावर आला होता तसा. मी दारात उभी राहून तो दोन-तीनदा छाती भरून घेतला, कारण धावून मला धाप लागली होती. मग भानावर आले, पदर नाकाला लावला आणि जाऊन कूलरचं बटण बंद केलं.

पंखा फिरत फिरत थांबला. पंपाची टपटप थांबली. घर इतकं शांत झालं की माझाच श्वास मोठा वाटू लागला.

खसच्या ताट्या केशरी झाल्या होत्या. समोरच्या भिंतीवर, जिथं सकाळपासून तो ओला वारा लागत होता, तिथं चुन्यावर एक पुसट केशरी ओल धरली होती. बंद खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे ती जायला हवी होती. मी बघत होते तोवर ती दाट होत माझ्या समोर गोळा झाली. मी एक पाऊल बाजूला टाकलं. भिंतीवरची ओल माझ्याबरोबर एक पाऊल आली.

"आलीस?" सुमती म्हणाली.

ती मधल्या खोलीत, कूलरच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली होती. डोळे मिटलेले. केस ओले, चेहऱ्यावर बारीक दव. इतकी समाधानी मी तिला शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिली नव्हती.

"सुमे, ऊठ. बाहेर चल. आत्ताच्या आत्ता."

"सगळीकडून दिसतंय ताई. छपरावरून. कपाटामागून. तू दारातून आलीस ती पाचपन्नास वेळा आलीस." ती हसली, आणि हसता हसता थांबली. तिनं मान कलती केली. "थांब. हे कुठलं? इथं अंधार आहे."

"कुठे?"

"उबदार आहे. ओलं. काहीतरी धडधडतंय." तिनं बोटानं जमिनीवर ताल धरला. "असं. ठक, ठक. पंप चालू राहिला का ग?"

पंप बंद होता. मी छातीवर हात ठेवला. तिचं बोट आणि माझ्या हाताखालचे ठोके एकदमच पडत होते. मी घाबरले तसे ते वाढले, आणि तिचं बोटही भरभर आपटू लागलं.

मी खोकले. पुन्हा खोकले. घशाशी खारट आलं, पण बाहेर काही आलं नाही.

"नको ना खोकू, सगळे हलतात," सुमती म्हणाली. लहानपणी भुताची गोष्ट ऐकताना मी तिची समजूत घालायची, अगदी त्या आवाजात. "घाबरू नकोस. अंधारात त्यांना करमत नाही ग, ते उजेड शोधून राहिलेत. वर आहे उजेड. दोन खिडक्या आहेत वर."

माझ्या डोळ्यांच्या कडांना चुरचुरू लागलं. डोळ्यांत पाणी आलं आणि खोलीतलं सगळं, भिंत, कूलर, माझी बहीण, हळूहळू केशरी व्हायला लागलं. मी पापण्या घट्ट दाबून घेतल्या.

"ताई, डोळे मिटू नकोस," सुमती म्हणाली. "आम्ही येऊन राहिलो."